बाईंना विचारा: चिमणीनं दार आधी का नाही उघडलं?

श्रावण लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी शुद्धलेखन, किरटं अक्षर आणि मोबाइल. या वेळी मात्र गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं गोष्टींबद्दलची. घरोघरी कहाण्यांची पुस्तकं माळ्यावरून खाली आली असणार. शुद्धलेखनवाल्यांनी रागावू नये, त्यांचं पुढच्या महिन्यात.

नव्या वाचकांना सांगते: ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली ते चौथीला शिकवलं, त्यातली बरीचशी माण तालुक्यात. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास गोष्टीचा. माझं जे काही शहाणपण आहे ते त्या तासातलं. बाकीचं वाचून गोळा केलेलं. त्यातलं काही चुकलंही आहे, एक चूक आज कबूल करणार आहे.

बाई, माझी नात साडेचार वर्षांची आहे. झोपताना रोज काऊ-चिऊची गोष्ट लागते. परवा मी नेहमीसारखं "थांब, माझ्या बाळाला तीट लावते" म्हटलं, तर ती उठून बसली. "आजी, चिऊला ऐकू येत होतं ना? मग आधी दार उघडायचं, तीट नंतर लावायची!" मला काही सुचेना. सून शेजारच्या खोलीत होती. ती म्हणाली, "आई, ही गोष्टच नको. बाहेर कोणी भिजतंय आणि आतली दार उघडत नाही, यातून मुलं स्वार्थ शिकतात." तेव्हापासून काऊ-चिऊ बंद. नात मागते, मी विषय बदलते. गोष्ट खरंच वाईट आहे का? – एक आजी, ठाणे

आजी, गोष्टीनं स्वार्थ शिकवला असता तर नात उठून बसली नसती, गुपचूप झोपली असती. ती उठली, कारण तिला काहीतरी बोचलं. आणि जे बोचलं ते गोष्टीत नाही. "चिऊनं चूक केली" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. ते तिनं पदरचं घातलं. सुनेला हे जरूर सांगा, फक्त जिंकल्याच्या सुरात सांगू नका.

हे पदरचं येतं कुठून, हे कोडं मलाही फार वर्षांचं आहे. इथेच माझी चूक येते. याच सदरात मी एकदा मोठ्या थाटात लिहिलं होतं की सहा-दहा महिन्यांच्या तान्ह्यालाही भलंबुरं कळतं. २००७ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी बाळांना एक खेळ दाखवला होता. डोळे चिकटवलेला लाकडाचा एक ठोकळा टेकडी चढतोय. दुसरा ठोकळा त्याला खालून ढकलून वर पोचवतो, तिसरा वरून येऊन खाली लोटतो. मग मदत करणारा आणि लोटणारा दोघे बाळापुढे धरले, तर बहुतेक बाळांचा हात मदत करणाऱ्याकडे गेला. मला हे इतकं आवडलं होतं की खडूच्या डब्यांवर डोळे काढून मी पालकसभेत ते करून दाखवत असे. पुढे निरनिराळ्या देशांतल्या तीसहून जास्त प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग शेकडो बाळांवर केला. निकाल निम्मा इकडे, निम्मा तिकडे. नाणं उडवल्यासारखा. तेव्हा ते वाक्य मी मागे घेते. तान्ह्यांचं मला माहीत नाही.

साडेचार वर्षांच्या मुलीचं मात्र वेगळं. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात मुलांना सांगितलेल्या दोन गोष्टी दिल्या आहेत. एका मुलानं दार ढकललं. दारामागे कप होते हे त्याला ठाऊक नव्हतं. पंधराच्या पंधरा फुटले. दुसऱ्यानं आई घरात नाही असं बघून कपाटातल्या जॅमकडे हात घातला आणि एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं पंधरा कपवाल्याला वाईट म्हणायची, मोठी मुलं जॅमवाल्याला. पियाजेंनी यातून काढलं की लहानांना नुकसान दिसतं, मनातलं दिसत नाही. नंतरच्या अभ्यासकांनी ते जरा दुरुस्त केलं: मनातलं नीट उघड करून सांगितलं तर तीन-चार वर्षांचं मूलही ते धरतं. तुमच्या नातीनं तेच धरलं. "चिऊला ऐकू येत होतं ना?" हा वकिलाचा प्रश्न आहे, आजी. ऐकू येत नसतं तर चिऊ निर्दोष सुटली असती.

आता दुसरी बाजू, जी मला शाळेत कळली. एका शनिवारी मी वर्गात हीच गोष्ट सांगितली आणि मुद्दाम विचारलं, चिमणी चुकली का? मला वाटलं सगळे "हो" म्हणतील. मागच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला, "बाई, कावळा पिल्ली खातो की. दार उघडलं आन् त्यानं पिल्लू उचललं म्हंजी?" आणि अख्खा वर्ग माना डोलवायला लागला. त्या पोरांनी कावळ्याला चिमणीचं घरटं उस्कटताना डोळ्यांनी पाहिलं होतं. मी बी.एड. झालेली बाई, मला हे सुचलं नव्हतं. त्यांच्या लेखी दाराबाहेर शेजारी नव्हता, पिल्लं नेणारा होता. मग न्हाऊ घालते, अंग पुसते, तीट लावते हा स्वार्थ उरत नाही, घाबरलेल्या आईनं काढलेला वेळ होतो. शब्द तेच, गोष्ट तीच, निकाल उलटा. ठाण्यातल्या सोसायटीत कावळा म्हणजे ग्रिलवर पोळीचा तुकडा न्यायला येणारा पाहुणा. तिथे चिमणी दोषी ठरणारच.

ही गोष्ट किती जुनी आहे माहीत आहे ना? तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी लीळाचरित्रात लिहून ठेवल्या, त्यात ही आहे. तिथे चिमणीच्या जागी साळई आहे, पण घरं तीच, एकाचं शेणाचं आणि एकीचं मेणाचं. सातशे वर्षं मराठी पोरं त्या बंद दारापाशी अडकतात आणि कुठल्याही आजीला उत्तर सुचत नाही. न सुचणं हाच तिचा टिकाऊपणा असावा. उत्तर चटकन मिळालं असतं तर गोष्ट दुसऱ्या रात्री कोणी मागितली नसती.

सुनेला "सगळे वाटून खातात" अशा गोष्टी हव्या असतील तर त्याही जगात आहेत. फिलिपिन्समध्ये आगता नावाचे शिकार-मासेमारीवर राहणारे लोक आहेत. त्यांच्याकडे सूर्य आणि चंद्राची गोष्ट सांगतात. सूर्य पुरुष, चंद्र बाई. आभाळ उजळायचं कोणी यावरून दोघांची जुंपते. शेवटी कोणी कोणाला हरवू शकत नाही, तेव्हा वाटणी होते, दिवस तुझा आणि रात्र माझी. २०१७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की आगतांच्या ज्या वस्त्यांत चांगले गोष्ट सांगणारे जास्त, तिथले लोक एकमेकांना जास्त देतात. सोबत राहायला कोण हवं असं विचारलं तर गोष्टी सांगणाऱ्यांची नावं पुढे येत. मला हे वाचून फार बरं वाटलं, आमच्या जातीला कुठेतरी मान आहे म्हणून. पण बघा, त्या गोष्टीतही आधी भांडण आहेच. भांडणाशिवाय वाटणीची गोष्ट सांगून बघा, मूल दुसऱ्या वाक्याला पांघरूण ओढून घेतं.

तेव्हा काऊ-चिऊ सुरू करा. नातीनं पुन्हा विचारलं तर तुम्ही उत्तर देऊ नका. "तू चिऊ असतीस तर?" एवढंच. एक रात्र सुनेला काऊ करा.

बाई, आमचे चिरंजीव सहा वर्षांचे. दात घासले का? घासले. ब्रश कोरडा. वही शाळेत राहिली. दप्तरात सापडते. मी "लांडगा आला रे आला" किमान दहा वेळा सांगून झालो. आवडीनं ऐकतो, लांडग्याचा आवाजही काढतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोणती गोष्ट सांगू? – एक बाबा, नांदेड

बाबा, तुमचा अनुभव प्रयोगानं सिद्ध झालेला आहे. कॅनडात व्हिक्टोरिया तलवार, कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांवर एक काम केलं, ते २०१४ मध्ये छापून आलं. मुलाच्या पाठीमागे खेळणं ठेवायचं, आवाजावरून ओळखायला सांगायचं. मग बाई म्हणणार, मी आलेच, तू मागे वळून बघू नकोस. एवढं सांगितल्यावर मूल काय करतं हे तुम्हाला सांगायला नको. परत येऊन बाई एक गोष्ट वाचणार आणि मग विचारणार, बघितलंस का? लांडग्याची गोष्ट ऐकलेली मुलं ससा-कासवाची गोष्ट ऐकलेल्यांइतकीच खोटं बोलली. खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या लाकडी मुलाची गोष्टही वाया गेली. उपयोग झाला तो फक्त जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीचा. त्यानं वडिलांचं चेरीचं झाड तोडलं, विचारल्यावर कबूल केलं आणि वडिलांनी त्याला जवळ घेतलं. संशोधकांनी याच गोष्टीचा शेवट फिरवून वाईट केला, तर तिचाही परिणाम गेला.

म्हणजे लांडग्याच्या गोष्टीतून मूल शिकतं ते एवढंच की पकडले गेलो तर खैर नाही. मग ते न पकडलं जाण्याची तयारी करतं. ब्रश कोरडा का राहिला? उद्या तो ओला करून ठेवेल. दात तसेच.

(यातली गंमत अशी की वॉशिंग्टनचं ते झाड त्याच्या एका चरित्रकारानं, वीम्स नावाच्या पाद्र्यानं, मागाहून चरित्रात घुसवलेलं आहे. खरं बोलायला शिकवणारी जगातली सगळ्यात गुणकारी गोष्ट खोटी निघाली. काय करता.)

आपल्याकडे याहून चांगली आणि खरी गोष्ट आहे. गांधीजींनी आत्मकथेत सांगितलेली. पंधराव्या वर्षी भावाचं कर्ज फेडायला त्यांनी भावाच्याच सोन्याच्या कड्यातला तुकडा काढला. मग राहवेना. तोंडानं सांगायचा धीर होईना, म्हणून चिठ्ठी लिहून वडिलांच्या हातात दिली. वडील आजारी होते, अंथरुणावर उठून बसले, चिठ्ठी वाचली. डोळ्यांतून पाणी आलं, कागद भिजला. त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हा आडवे झाले. मारलं नाही, बोलले नाहीत. चौथीच्या वर्गात ही गोष्ट सांगताना फाडायच्या जागी मी खरोखर एक कागद फाडत असे. तेवढा आवाज पुरायचा. शिवाय यात माणसं आहेत. २०१७ च्या टोरंटोच्या एका अभ्यासात मुलांनी वाटून घेण्याची गोष्ट माणसांच्या पात्रांसह ऐकली तेव्हा स्वतःचे स्टिकर जास्त वाटले. तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांची केली, तर नाही.

पण एक सांगते. नुसती गोष्ट सांगून भागणार नाही. तो उद्या म्हणाला, "बाबा, नाही घासले", तर तुम्ही काय करणार आहात, ते आधी ठरवा. चिठ्ठी फाडायची तयारी नसेल तर लांडगाच बरा.

थोडं विषयांतर. दर १ ऑगस्टला मी वर्गात टिळकांची शेंगांची गोष्ट सांगायची. "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही." अकरा वर्षं तीच गोष्ट, तोच आवेश, टाळ्या. बाराव्या वर्षी तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, मग टरफलं उचलली कोणी?" तिची आई आमच्या शाळेत झाडायला यायची. त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही, फळा पुसायला वळले. अन्यायाची शिक्षा सोसू नये हे टिळकांचं बरोबरच. पण न्याय झाला तरी वर्ग घाण राहतो आणि तो कोणीतरी झाडतंच, हे त्या मुलीशिवाय आमच्यापैकी कोणाला दिसलं नव्हतं.

मी सातवीत आहे. भोपळ्यात बसून जाणारी म्हातारी वाघाला सांगते की लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा. पण ती खायला देत नाही. मग ती खोटारडी नाही का? आमचे सर म्हणतात नेहमी खरं बोलावं. – एक विद्यार्थी, चिपळूण

सर बरोबर आहेत आणि म्हातारीही. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कौशिकाचं व्रत होतं, कधी खोटं बोलायचं नाही. दरोडेखोरांना भिऊन काही लोक त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपले. दरोडेखोरांनी येऊन विचारलं, ते कुठे गेले? हा खरं बोलला. त्यांनी ती माणसं मारली, आणि कौशिक नरकात गेला. त्याच महाभारतात युधिष्ठिर द्रोणाचार्यांना अश्वत्थाम्याबद्दल अर्धं खरं सांगतो, तर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. तेव्हा खरं बोलून नरक आणि खोटं बोलून रथ खाली, दोन्ही एकाच ग्रंथात. आता सांग, वाघानं विचारलं असतं तर कौशिक काय म्हणाला असता? सरांना विचार. फार ओरडले तर माझं नाव सांग.

बाई, माझं नाव छापू नका. लग्नानंतर सासूबाईंनी मला आदित्य राणूबाईचा वसा दिला होता. बँकेतली नोकरी, बदली, बाळंतपण यात दोन वर्षांनी तो सुटला. त्यानंतर वर्षभरात मिस्टरांना अपघात झाला. वाचले, पण आता काठीशिवाय चालता येत नाही. सासूबाई मला एका शब्दानं बोललेल्या नाहीत. पण श्रावणात रविवारी कहाणी वाचताना "उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको" आलं की माझ्याकडे बघतात. अपघात ट्रकमुळे झाला, वशामुळे नाही, हे मला कळतं. तरी पोटात गोळा येतो. शिकून काय उपयोग झाला? – नाव नको

ताई, तुमचं पत्र चार दिवस माझ्या टेबलावर होतं.

माझे वडील हरिदास होते. चातुर्मासात गावोगावच्या देवळांत नारदीय कीर्तनं करायचे. मी मागे झांज धरून उभी असायची. एका वर्षी पूर्वरंगातलं निरूपण संपून उत्तररंगाला, म्हणजे गोष्टीच्या भागाला, हरिश्चंद्राचं आख्यान लागलं होतं. तारामती रोहिदासाचं प्रेत घेऊन स्मशानात आली, हरिश्चंद्र कर मागतोय, आणि नेमके त्या क्षणी दिवे गेले, वर धो धो पाऊस. मंडपातल्या सतरंज्या भिजल्या. पेटीवाल्यानं पेटी उचलून गाभाऱ्याच्या दारात नेली. वाटलं, आता लोक उठतील. कोणी उठलं नाही. बायका पदर डोक्यावर घेऊन तशाच उभ्या. एका म्हाताऱ्यानं अंधारातून हाक मारली, "बुवा, पोर उठवा मग जाऊ." वडिलांनी बिनमाईकचं, ओरडून, रोहिदास जिवंत केला, भैरवी म्हटली, तेव्हा माणसं घरी गेली. येताना मला म्हणाले, "पूर्वरंग कापला तर चालतो. पोर स्मशानात ठेवून उठलं तर लोक पुन्हा बोलवत नाहीत."

ही भूक फार जुनी आहे. चांगल्याचं चांगलं व्हावं, वाइटाचं वाईट, आणि ते डोळ्यांसमोर व्हावं. कहाण्यांचा सगळा साचा यावर उभा आहे. आटपाट नगर, वसा घेतला, वसा टाकला, दरिद्र आलं, वसा पुन्हा धरला, गेलेलं परत आलं, साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. ऐकताना बरं वाटतं. घोटाळा होतो तो देवळाबाहेर पडल्यावर. कारण साचा उलटा लावता येतो: दरिद्र आलंय ना, म्हणजे वसा टाकला असणार.

मेल्विन लर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत १९६६ साली हे उघड दाखवलं. विद्यार्थिनींना पडद्यावर एक मुलगी विजेचे झटके खाताना दिसत होती. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. त्यांना ते थांबवता येईना, तेव्हा बऱ्याच जणींनी त्या मुलीलाच हिणकस ठरवायला सुरुवात केली. बिनकारण कोणी इतकं सोसत असेल हे मनाला झेपत नाही. त्यापेक्षा तिचंच काहीतरी असेल, हे सोपं जातं. या बायका दुष्ट नव्हत्या. न्यायाची भूक होती म्हणूनच हे झालं. तुम्ही तर स्वतःलाच त्या खुर्चीत बसवलंय आणि स्वतःच बघताय.

मी हे तुम्हाला पुस्तकातून सांगत नाहीये. हे माझ्या वर्गात माझ्यामुळे झालं. एका शनिवारी मी कंजुष सावकाराची गोष्ट सांगितली होती. भिकाऱ्याला दारातून हाकललं म्हणून रात्री त्याचा वाडा कोसळला. मुलं खूश. पुढच्या आठवड्यात परतीचा पाऊस आला. माणमध्ये पाऊस नसतो नसतो आणि येतो तो असा. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या घराचं माळवद रात्री बसलं. माणसं वाचली, वासरू गेलं. दोन दिवसांनी तो शाळेत आला, दप्तर नव्हतं, वही कोणाची तरी मागून आणलेली. आणि पहिल्या रांगेतली एक हुशार, गोड मुलगी, मनात काही वाकडं नसताना, उभी राहून म्हणाली, "बाई, ह्याच्या आण्णानं काय पाप केलं व्हतं?"

तो मुलगा तिच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "पाप नाही. माती होती. पाऊस पडला." एवढंच सुचलं. वर्ग गप्प. मग त्याच मुलीनं थोडा विचार करून विचारलं, "काऊच्या घरासारखं?" मी म्हटलं, "हो, काऊच्या घरासारखं." तिनं मान हलवली आणि खाली बसली. काऊनं काय पाप केलं होतं असं आजवर कोणी विचारलेलं नाही. त्याचं घर शेणाचं होतं, म्हणून गेलं. सावकाराची गोष्ट मी त्यानंतर सांगितली नाही. चांगली गोष्ट आहे, पण मला ती सांगता येईना.

आता तुमच्या कहाणीकडे येऊ. ती मी पुन्हा काढून वाचली. तुम्हाला गोळा आणणारं ते वाक्य अगदी सुरुवातीला येऊन जातं. पुढे दोन बहिणी आहेत, एक राजाची राणी, एक प्रधानाची बायको. बाप कहाणी सांगायला येतो तेव्हा राणीला वेळ नसतो, प्रधानाची बायको ऐकते. राणीला दरिद्र येतं. मग राणी आपल्या मुलांना एकामागून एक मावशीकडे पाठवते. मावशी काय करते? पाप विचारत नाही. पोराला न्हाऊ-माखू घालते, जेवू घालते, कोहळा पोखरून त्यात होन-मोहरा भरते आणि हातात देते. तो वाटेत जातो. मग दुसऱ्याला काठी पोखरून. मग नारळ. तो ऐवज घरी पोचत नाही, ही गोष्ट वेगळी, पण ती भरत राहते. शेवटी राणी स्वतः येते तेव्हा बहीण तिला खडसावते, हेही खरं. पण कोहळा आधी आहे, ताई. वाचताना सगळ्यांचं लक्ष दरिद्राकडे आणि वशाकडे जातं, कोहळ्याशी कोणी थांबत नाही.

सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीतही असंच आहे. राजाच्या हुकमानं गावानं सगळं दूध देवाला वाहिलं, पोरं-वासरं उपाशी, गाभारा काही भरेना. एका म्हातारीनं आधी घरातल्यांना, वासरांना पाजलं, उरलेलं खुलभर नेलं, आणि गाभारा भरला. नेम मोडणारीला शिक्षा करणाऱ्या कहाण्या ज्या बायकांनी सांगितल्या, त्यांनीच हीही सांगितली. त्यांना दोन्ही ठाऊक होतं.

आणि सासूबाई. त्या तुमच्याकडे बघतात म्हणजे दोषच देतात, हे कशावरून? अपघात त्यांच्या मुलाला झालाय. वसा त्यांनीच दिला होता, नोकरीच्या मुलीला. कदाचित त्यांच्याही पोटात तोच गोळा असेल आणि तो कोणाला दाखवावा हे कळत नसेल. हा माझा अंदाज आहे, चुकीचाही असेल. पण इतकी वर्षं एक शब्द न बोलणारी बाई काहीतरी धरून बसलेली असते.

येत्या रविवारी पुस्तक तुम्ही हातात घ्या. "आई, आज मी वाचते" म्हणा. पहिलं वाक्य सरळ वाचून टाका, अडखळू नका. कोहळा आला की मात्र जरा सावकाश वाचा, आणि त्या वेळी तुम्ही त्यांच्याकडे बघा.